मुलांचा खेळ आणि पालकांचा हिशेब

वृत्तपत्राचे पहिले पान ही राजकारणाची हक्काची जागा, असा एक समज आहे आणि तो आम्हीच वाचकांच्या मनात रुजविला आहे. मंत्रिमंडळे, करार आणि तंटे यांना जे स्थान मिळते ते दहा वर्षांच्या मुलाच्या फुटबॉलच्या फीला का द्यावे, असे आजचा अग्रलेख पाहून कोणी विचारले तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु सरकारच्या अंदाजपत्रकावर तावातावाने बोलणाऱ्या गृहस्थाच्या घरात दर वर्षी आणखी एक अंदाजपत्रक मांडले जाते. त्याची चर्चा रात्री मुले झोपल्यावर, हलक्या आवाजात होते. शाळेची फी, शिकवणीची फी आणि घराचा हप्ता यांच्या शेजारी अलीकडे त्यात एक नवी रक्कम येऊन बसली आहे. ती मुलाच्या, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे आता मुलीच्याही, फुटबॉल क्लबाची. ‘इतके पैसे भरून मिळणार काय?’ हा प्रश्न त्या वेळी नवरा बायकोला विचारतो किंवा बायको नवऱ्याला विचारते, आणि दोघांपैकी कोणालाच त्याचे उत्तर ठाऊक नसते. हा प्रश्न एका घराचा असता तर आम्ही त्यात तोंड घातले नसते. पण तो आता शहराचा प्रश्न झाला आहे, आणि शहराच्या प्रश्नावर बोलणे हा आमचा धर्मच आहे.

या प्रश्नाचे पूर्ण वाढलेले रूप पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. त्या देशात आपल्या फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणतात आणि लाखो मुले तो खेळतात. तेथील मुलांच्या क्लबांचा आरंभ मोठा साधा होता. १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स या गावी काही हौशी मंडळींनी मुलांसाठी एक संघटना काढली. प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ तरी खेळावयास मिळालेच पाहिजे, हा तिचा नियम. शिकविणारे कोण, तर मुलांचेच आईबाप. ती संघटना आजही आहे. परंतु तिच्या शेजारी आणि तिच्या डोक्यावर पुढे एक निराळीच इमारत उभी राहिली. पगारी प्रशिक्षक आले, निवड चाचण्या आल्या आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांची पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीत वाटणी होऊ लागली. गावातल्या गावात खेळणे कमी प्रतीचे ठरले. दोन-तीनशे मैल मोटार हाकत परगावच्या स्पर्धेला जाणारा संघ तोच खरा, असे समीकरण रूढ झाले. स्पर्धेच्या चालकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरले पाहिजे, नाहीतर संघाला प्रवेश नाही, अशीही अट कित्येक स्पर्धांत असते. मुलाचा खेळ दीड तासाचा, आणि त्यासाठी कुटुंबाचे दोन दिवस व एक रात्र खर्ची पडते.

याला पैसा किती लागतो? अमेरिकेतील अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट ही संस्था मुलांच्या क्रीडाजीवनाचा सातत्याने अभ्यास करीत असते. तिच्या २०२४ च्या पाहणीनुसार तेथील एक कुटुंब एका मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाकाठी सरासरी १,०१६ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८५ हजार रुपये, खर्च करीत होते. २०१९ च्या मानाने ही रक्कम ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. ही सरासरी झाली. वरच्या प्रतीच्या प्रवासी संघात मूल असेल तर खर्च याच्या कित्येक पट होतो. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. शनिवारी पहाटे डब्यात पोळ्या भरून मोटारीत बसावयाचे आणि रविवारी रात्री चिखलाने माखलेले बूट घेऊन परतावयाचे, हा त्यांच्यापैकी कित्येकांचा हंगामातला नित्यक्रम आहे. परक्या देशात आपल्या मुलाला सवंगडी मिळावेत आणि त्याने चारचौघांत मिसळावे, ही त्यामागची ओढ आम्ही समजू शकतो. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही.

तथापि या खर्चाचे समर्थन पुष्कळदा ज्या आशेवर केले जाते, ती आशा तपासून पाहणे अगत्याचे आहे. ती आशा म्हणजे महाविद्यालयाची क्रीडा शिष्यवृत्ती. आज क्लबाला दिलेले पैसे उद्या कॉलेजच्या फीत सूट होऊन परत येतील, असा हा हिशेब. प्रत्यक्षात तेथील शालेय संघांतून फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी पाच-सहाच पुढे महाविद्यालयीन संघात पोहोचतात, आणि त्यांपैकी सर्वांत वरच्या श्रेणीत एखाददुसराच जातो. २०२५ पर्यंतच्या नियमानुसार या वरच्या श्रेणीतील मुलांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत ९.९, आणि संघात खेळाडू असत पंचवीस ते तीस. तेव्हा तेथवर पोहोचलेल्यालाही बहुधा शिष्यवृत्तीचा तुकडाच हाती येई. दहा वर्षे क्लबात ओतलेली रक्कम बँकेत साठविली असती तर तिने फीचा अधिक मोठा भाग भागला असता, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. सोडत फुटावी म्हणून तिकीट घेणारा निदान आपण सोडतीचे तिकीट घेत आहो हे जाणून असतो. येथे तिकिटालाच गुंतवणूक म्हटले जाते.

मग हे क्लब इतके पैसे घेतात तरी का? सारेच चालक लोभी असतात असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत एखाद्या लहान क्लबाने घडविलेला मुलगा पुढे मोठ्या क्लबाने परदेशातून विकत घेतला तर त्या किमतीतील पाच टक्के रक्कम, बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांच्यात वाटली जाते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००१ साली घालून दिलेला हा दंडक आहे. शिवाय मुलाच्या पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई मिळते ती निराळीच. म्हणजे गरिबाचा गुणी मुलगा क्लबाला ओझे वाटत नाही. तोच उद्याची ठेव असतो. अमेरिकेत मात्र कायद्याच्या अडचणी पुढे करून कित्येक वर्षे ही पद्धत लागूच होऊ दिली गेली नाही. तेथील व्यावसायिक लीगने २०१९ साली या भरपाईवर हक्क सांगावयास आरंभ केला, आणि त्या लीगच्या क्लबांनी आपल्या प्रबोधिन्या बव्हंशी निःशुल्क केल्या. पण हे मूठभर मुलांपुरतेच झाले. बाकीच्या हजारो क्लबांना उत्पन्नाचा मार्ग एकच उरला, आणि तो म्हणजे पालकांचा खिसा. ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्याला खूष ठेवावे लागते. मग मूल काय शिकले यापेक्षा चषक किती आले, गणवेश किती झोकदार आहे आणि संघ किती लांबवर जाऊन आला, यांना महत्त्व येते.

या व्यवस्थेचा पहिला बळी कोण होतो, हे क्लिंट डेम्प्सी या खेळाडूच्या बालपणावरून दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघासाठी ५७ गोल करून तेथील उच्चांकाची बरोबरी करणारा हा गृहस्थ टेक्सासमधील नॅकडोचेस या गावी साध्या फिरत्या घरात वाढला. मेक्सिकोकडून आलेल्या कामकऱ्यांच्या मुलांबरोबर तो खेळ शिकला. डॅलसच्या नामांकित क्लबात त्याची निवड झाली तेव्हा सरावासाठी तीन तास जाणे आणि तीन तास येणे हा आईबापांचा क्रम झाला. थोरल्या बहिणीच्या टेनिसचाही खर्च होता. दोन्ही भार पेलवेनात, तेव्हा त्याचा क्लब सुटला. पुढे इतर मुलांच्या पालकांनी हातभार लावला म्हणून तो परत येऊ शकला. शेजारधर्मामुळे एक खेळाडू वाचला ही गोष्ट सुखद आहे. पण ज्यांना असे शेजारी भेटले नाहीत त्यांची नावे कोणत्याही उच्चांकाच्या यादीत सापडणार नाहीत. व्यवस्थेचे खरे नुकसान त्या न लिहिलेल्या नावांत असते.

२०१७ च्या ऑक्टोबरातील एक आठवडा या दृष्टीने मोठा बोलका आहे. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी भारतात झाली. ६ तारखेस दिल्लीत अमेरिकेच्या मुलांनी आपल्या मुलांना ३–० असे हरविले. पैसे मोजून घडविलेल्या खेळाचा हा विजय, असे त्या रात्री कोणी म्हटले असते तर आपण मान डोलावली असती. परंतु ९ तारखेस आइसलंड या जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या देशाने, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढ्या लोकसंख्येने, कोसोव्होला नमवून पुढील वर्षीच्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. तोवरच्या इतिहासात इतका लहान देश तेथे पोहोचला नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी, १० तारखेस, त्रिनिदादमध्ये २–१ असा पराभव पत्करून बत्तीस कोटींच्या अमेरिकेचा पुरुष संघ त्याच विश्वचषकातून बाहेर फेकला गेला. १९८६ नंतर ही नामुष्की त्या देशावर प्रथमच आली. एका सामन्यावरून राष्ट्राच्या क्रीडानीतीचा निकाल लावणे उतावळेपणाचे होईल. पण त्या पराभवानंतर अमेरिकेतच जो प्रश्न विचारला गेला तो हाच, की पैसे भरील तोच खेळेल, ही रीत किती दिवस चालू ठेवावयाची?

आइसलंडने निराळे काय केले? २००० च्या सुमारापासून तेथील नगरपालिकांनी हिमवर्षावातही खेळता यावे म्हणून बंदिस्त मैदाने बांधली. लहानग्यांनाही शिकलेला, परीक्षा उतरलेला प्रशिक्षक मिळेल याची तजवीज केली. रेक्याविक नगरपालिका २००७ पासून सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामागे, त्याच्या आवडीच्या उपक्रमाच्या फीपोटी, दर वर्षी ठरावीक रक्कम देते. यामागची मूळ प्रेरणा विश्वचषकाची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९९० च्या दशकात तेथील पोरे दारूच्या आहारी जात होती. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४२ टक्के मुले गेल्या महिन्यात नशा केल्याचे सांगत. २०१६ पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आले. खेळ हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, पण महत्त्वाचे होते. त्याच उत्तरेकडील नॉर्वेने तर १९८७ पासूनच मुलांच्या खेळासाठी नियम घालून दिले आहेत. अकरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावावयाचे नाहीत, आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. अशाने स्पर्धेची धार बोथट होईल असे ज्यांना वाटते त्यांनी २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिककडे पाहावे. त्या स्पर्धेत नॉर्वेने ३९ पदकांचा उच्चांक केला, आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकांचा. उलट अमेरिकेतील पाहणी सांगते, की तेथील सर्वसाधारण मूल एखादा खेळ तीन वर्षेही खेळत नाही आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास तो सोडून देते. नॉर्वेत ज्या वयापर्यंत गुणही मोजत नाहीत, त्या वयात तिकडे मुलाचा खेळ संपलेलाही असतो!

आता आपल्या दारात येऊ. मुंबई, ठाणे आणि पुणे येथे गेल्या काही वर्षांत फुटबॉलच्या प्रबोधिन्यांचे पीक आले आहे. दूरदेशीच्या बड्या क्लबांची नावे त्यांच्या फलकांवर झळकतात. दोन इमारतींच्या फटीत किंवा गच्चीवर हिरवे कृत्रिम गवत अंथरून, तासाच्या भाड्याने दिली जाणारी ‘टर्फ’ रात्री बारापर्यंत दिव्यांनी उजळलेली असतात. महिन्याची फी, गणवेशाचा संच, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, परगावचा प्रवास आणि सुटीतले ‘शिबिर’ अशी या खर्चाची पायरी-पायरीने चढण आहे. पहिली पायरी मुद्दामच सोपी ठेवलेली असते. यातील कित्येक प्रशिक्षक निष्ठेने शिकविणारे आहेत, आणि त्यांचे पोट या फीवर चालते. त्यांच्या श्रमाचे मोल द्यावयास नको, असे आमचे म्हणणे नाही. पण अमेरिकेने पन्नास-साठ वर्षांत जी वाट तुडविली, तिच्यावरच आपण पाऊल ठेवले आहे आणि तेही तिच्याइतका पैसा गाठीशी नसताना, हे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे.

मुंबईला फुटबॉल नवा नाही. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा याच शहरात शतकाहून अधिक काळ चालली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईचाच. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि त्या स्पर्धेत भारत चौथा आला. त्या काळच्या मुलाने पदरचे हजारो रुपये भरून खेळ शिकला नाही. तो पाड्यावरच्या, चर्चच्या किंवा शाळेच्या मैदानात शिकला, आणि चांगला निघाला तर टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया अशा संघांत त्याला खेळाबरोबर नोकरीही मिळाली. तो काळ सोन्याचा होता असे नव्हे. पण खेळणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहण्याची सोय त्यात होती. ती सोय हळूहळू आटली. रोव्हर्स स्पर्धा या शतकाच्या आरंभी बंद पडली. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २०१० साली मोडला गेला. २०१४ पासून नव्या लीगचा झगमगाट आला खरा, परंतु २०२५ साली व्यापारी कराराच्या घोळात देशातील या सर्वोच्च लीगचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही. ज्या धंद्यातील अव्वल मंडळींची ही स्थिती, त्यात मुलाची ‘कारकीर्द’ घडेल म्हणून कर्ज काढून फी भरणे म्हणजे पाया नसलेल्या घरावर कळस चढविणे होय. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि शालान्त परीक्षेत सवलतीचे गुणही आहेत. पण ही फळे वरच्या फांदीची आहेत. क्लबाच्या फीची पावती दाखवून ती मिळत नाहीत.

येथे पुन्हा त्या २०१७ च्या भारतीय संघाकडे वळणे उद्बोधक ठरेल. त्या एकवीस मुलांत महाराष्ट्राशी नाते सांगणारे दोघे होते. एक मुंबईत जन्मून लहानपणीच न्यू जर्सीला गेलेला आणि तेथेच खेळ शिकलेला नमित देशपांडे. दुसरा कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव. अनिकेत घडला तो राज्य सरकारच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत. दोघांनीही सारखाच निळा गणवेश घातला, आणि दोघेही कौतुकास पात्र आहेत. परंतु राज्यकर्त्यांना आम्ही एवढेच विचारू, की प्रबोधिनीचे ते सरकारी दार उघडे नसते तर रिक्षाचालकाचा मुलगा त्या मैदानावर कोणत्या वाटेने पोहोचला असता? आणि कोल्हापूरच का? कारण त्या गावात फुटबॉल पेठेच्या मालकीचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची ही परंपरा आहे. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे अर्धे गाव लोटते. तेथे भांडणे होतात, ईर्ष्या विकोपाला जाते, हे दोष आम्हांस ठाऊक आहेत. पण पेठेतल्या पोराला खेळावयाचे असेल तर त्याच्या बापाचा पगार विचारला जात नाही. ज्याला आइसलंडमध्ये नगरपालिका म्हणतात, ते काम तेथे तालमीने आपल्या परीने चालविले आहे.

मग पालकांनी काय करावे? मुलाला क्लबात घालू नये, असा सल्ला आम्ही देणार नाही. मैदाने गिळली गेलेल्या शहरात फी भरून मिळणारी तासभर मोकळी हवाही मोलाची आहे. शिकवणी आणि मोबाइल यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाला धावण्याचा, पडण्याचा आणि हरून पुन्हा उभे राहण्याचा अनुभव विकत घ्यावा लागत असेल, तर तो घ्यावा. मात्र कशाचे पैसे मोजतो आहोत, हे स्वच्छ ओळखून ते मोजावेत. आरोग्य, सवंगडी, शिस्त आणि आनंद यांसाठी पैसे दिले असतील तर हंगाम संपताच त्यांची फेड झालेली असते. मूल पुढे खेळाडू झाले नाही म्हणून त्यातील एक रुपयाही बुडत नाही. तेच पैसे शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी किंवा स्वतःच्या राहून गेलेल्या हौसेसाठी दिले असतील, तर त्या गुंतवणुकीचे ओझे मुलाच्या पाठीवर बसते. सामन्यानंतर घरी परतताना बाप गप्प असला की दहा वर्षांच्या पोराला त्या गप्प राहण्याचा अर्थ बरोबर कळतो. आपल्या पायांवर घराचे पैसे लागले आहेत हे ज्याला कळले, ते मूल मग खेळत नाही, हप्ते फेडते.

यासाठी फी भरण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारावेत. शिकविणाऱ्याजवळ मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे काय, आणि मुलांची सुरक्षितता पाहणारी जबाबदार व्यक्ती मैदानावर असते काय? सर्वांत कच्च्या मुलाला सामन्यात किती वेळ खेळावयास मिळते? वर्षाचा एकूण खर्च, प्रवास व गणवेश धरून, आधी लेखी सांगितला जाईल काय? आणि हंगामाच्या मध्येच मूल ‘पुरे’ म्हणाले तर उरलेल्या पैशांचे काय? या प्रश्नांनी जो क्लब चिडतो, त्याचे उत्तर त्याच्या चिडण्यातच मिळाले असे समजावे. पाचवा प्रश्न मुलालाच विचारावा, आणि तोही निकाल न विचारता: आज मजा आली का? सलग काही आठवडे त्याचे उत्तर ‘नाही’ असे येत असेल तर कितीही नामांकित क्लब असला तरी तो महाग आहे. आणि ज्या घरी क्लबाची फी परवडत नाही, तेथील आईबापांनी आपण मुलाचे नुकसान करीत आहोत ही टोचणी मनातून काढून टाकावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चेंडू, सात-आठ सवंगडी आणि थोडी मोकळी जागा मिळाली तर त्याला जे मिळावयाचे त्यातील फार मोठा भाग मिळतो. शेजारच्या दोन-चार पालकांनी आळीपाळीने संध्याकाळचा एक तास दिला तर तोही एक क्लबच होतो. टॉरन्सला झाले ते याहून निराळे नव्हते.

पण ती मोकळी जागा कोठे आहे? येथे पालकांचा हिशेब संपतो आणि शहराचा सुरू होतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा सोहळा झाला. शाळाशाळांतून चेंडू वाटण्यात आले. चेंडू दिले हे उत्तम झाले, पण १६ सप्टेंबरला ते लाथाडावयाचे कोठे, याचे उत्तर त्या सोहळ्यात नव्हते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. असे असता मुंबई-पुण्यातील कित्येक शाळा पटांगणावर मोटारी लावतात, नाहीतर तेथेच नवा मजला चढवितात. ज्यांची मैदाने शाबूत आहेत त्यांची फाटके शाळा सुटताच कुलपात जातात. मुंबईतील मोकळ्या जागा खाजगी संस्थांच्या हाती ‘दत्तक’ देण्याच्या धोरणावरून २०१६ साली नागरिकांनी एवढा गहजब केला की महापालिकेला ते स्थगित करावे लागले. तो गहजब योग्यच होता. सार्वजनिक मैदानाला एकदा तिकीटखिडकी लागली की ती काढता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महापालिकांनी आपल्या आणि अनुदानित शाळांची मैदाने सायंकाळी व सुटीच्या दिवशी वस्तीतील मुलांसाठी विनामूल्य उघडावीत, आणि तेथे मानधनावर प्रशिक्षित माणूस नेमावा. सार्वजनिक भूखंडावर चालणाऱ्या प्रत्येक क्लबाने ठरावीक जागा निःशुल्क ठेवाव्यात आणि त्या कोणाला दिल्या याची यादी मैदानाच्या फलकावर लावावी. मुलींच्या वेळा राखून ठेवाव्यात, नाहीतर मोकळे मैदान हे मोठ्या मुलग्यांचेच मैदान होऊन बसते. आणि राज्याने आपल्या क्रीडा प्रबोधिन्यांची उपेक्षा थांबवावी. रिक्षाचालकाच्या मुलाला वर येण्यासाठी तोच एक जिना आहे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. इच्छा मात्र लागते, आणि नागरिकांनी मागितल्याखेरीज ती उत्पन्न होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

मध्यमवर्गाची एक जुनी खोड आहे. सार्वजनिक सोय बिघडली की तिच्यासाठी भांडण्याऐवजी आपल्यापुरती विकतची सोय करून मोकळे व्हावयाचे. सरकारी शाळा बिघडली तेव्हा आपण खाजगी शाळा शोधली. नळाचे पाणी बिघडले तेव्हा घरात यंत्र बसविले. आता मैदान गेले म्हणून आपण तासाच्या भाड्याने गवत घेत आहोत. प्रत्येक वेळी आपले मूल तेवढे सुटले, आणि मागे राहिलेल्यांच्या बाजूने बोलणारा, पत्र लिहिणारा, अधिकाऱ्याला जाब विचारणारा एक माणूस कमी झाला. ज्या पालकांना क्लबाची फी परवडते त्यांनी ती अवश्य भरावी. पण त्या फीच्या पावतीने मैदान मागण्याची आपली जबाबदारी फिटली, असे मात्र समजू नये. संध्याकाळी मुलाला टर्फवर सोडून परतताना वाटेतल्या शाळेच्या कुलूपबंद फाटकाशी क्षणभर थांबावे. आत पटांगण रिकामे असते आणि बाहेर रस्त्यावर, मोटारींच्या मधून, चार पोरे फाटक्या चेंडूने खेळत असतात. ते कुलूप कोणाच्या हुकुमाने लागले आहे, एवढी चौकशी जरी त्या पालकाने केली तरी या अग्रलेखासाठी पहिल्या पानावरची जागा अडविल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.